पाचवा जोड

"किती वेळा पुसलास?"

"अकरा वेळा."

"आणि परत लागला."

"अकराही वेळा. आज येताना शिरोळ सोडलं आणि लागला."

दस्तगीर उस्ताद खिडकीतून आत वाकून बघत होते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा तो छोटा पिवळा दिवा जळत होता. लुकलुकत नव्हता, आवाज करत नव्हता. नुसता होता.

सन्मती चौगुले हात मागे बांधून उभा होता. वय अडतीस. कोल्हापुरात एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो नव्या मेकॅनिकांना शिकवायचा. आतापर्यंत दोनशे जण त्याच्या हाताखालून गेले होते आणि ते सगळे त्याला सर म्हणत. पहिल्याच दिवशी तो त्यांना सांगायचा, स्कॅनर लावून नुसता दिवा पुसू नका, कारण शोधा.

आणि स्वतःच्या गाडीचा दिवा त्यानं अकरा वेळा पुसला होता.

गाडी तशी मामांची. आदगोंडा मामा साखर कारखान्यात केमिस्ट होते. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती नवी कोरी घेतली, तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जी काही माया होती ती भाच्यावर आणि गाडीवर. गेल्या वर्षी मामा गेले. मामी म्हणाल्या, ही तू ने, तुझ्याशिवाय हिला कोण बघणार. त्यानं नेली. दोन महिने नीट चालली आणि मग हा दिवा.

आठ महिने झाले होते. हाताखालची मुलं समोर काही बोलत नसत, पण सरांची गाडी आत आली की एकमेकांकडे बघत. शेवटी त्यानं मोडीत गाडी घेणाऱ्या एका माणसाला शब्द दिला होता. परवा येऊन घेऊन जा म्हणून.

आज तो कुणाला न सांगता कुरुंदवाडला आला होता. सोळा वर्षांनी.

"बस की," उस्ताद म्हणाले.

"घाईत आहे. इकडं आलो होतो, म्हटलं जाता जाता..."

"इकडं म्हणजे कुठं?"

गावातलं घर विकून आईला त्यानं केव्हाच कोल्हापूरला नेलं होतं. इकडं त्याचं कुणी राहिलं नव्हतं.

उस्तादांनी पुन्हा विचारलं नाही. भिंतीला टेकवलेल्या जीपच्या जुन्या सीटवर ते सावकाश बसले आणि बाजूची जागा हातानं झटकली. सन्मती बसला.

तेरवाड रस्त्यावरचं हे गॅरेज बंद होऊन तीन वर्षं झाली होती. शटर अर्धं वर होतं. आत अजून तोच वास होता, रॉकेलचा, ग्रीसचा आणि तापून गार झालेल्या लोखंडाचा. समोरच्या भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या होत्या, लहान ते मोठ्या अशा ओळीनं. कुठला पाना कुठं टांगायचा ते कळावं म्हणून. आता पाने चारच होते. बाकी नुसत्या आकृत्या.

दहावी झाल्यावर मामांनी त्याला इथं आणून सोडलं होतं. पहिले तीन महिने उस्तादांनी त्याला एकाही इंजिनाला हात लावू दिला नाही. नट धुवायचे. धुवून झाले की डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, कुठला किती नंबरचा ते सांगायचं. चुकला की परत धुवायचे. तेव्हा त्याला रडू यायचं. आता वर्गात शिकवताना मधेच त्याची बोटं खिशातल्या किल्लीवर फिरत असत आणि हे कशामुळं ते त्याला माहीत होतं.

"तुझं ते मशीन दाखव बघू," उस्ताद म्हणाले.

सन्मतीनं स्कॅनर आणून गाडीला जोडला. उस्ताद काहीतरी टोचून बोलतील अशी त्याची तयारी होती. उस्तादांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून पडदा डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ वाचत बसले.

"चांगलं आहे की," ते म्हणाले. "माझ्या वेळी असतं तर माझे कान वाचले असते."

"ऑक्सिजन सेन्सर म्हणतंय. धुराचा वास घेतो तो. त्याच्याकडून निरोप नीट येत नाही म्हणतंय."

"मग सेन्सर बदललास."

"दोनदा. नवा कोरा. मग प्लग, कॉइल. एअर फिल्टर. सायलेन्सर खाली काढून तपासला. इंजिनाचा कॉम्प्युटरसुद्धा दुसऱ्या गाडीचा लावून पाहिला."

"तार?"

"मीटर लावून बघितली. बरोबर आहे."

"कधी लावलास मीटर?"

"सकाळी. वर्कशॉप उघडल्यावर."

"रात्रभर उभी असलेल्या गाडीला."

सन्मतीनं स्कॅनर परत हातात घेतला.

"म्हणजे गार असताना बरोबर आहे," उस्ताद म्हणाले आणि उठले. "चहा टाकतो."

मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर होतं. तिकडून पूर्वी चाचींचा, उस्तादांच्या बायकोचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा. गॅरेजमधल्या सगळ्यांना चहा एका पातेल्यात व्हायचा आणि सन्मतीचा वेगळ्या. जैनाचं पोरगं आहे, त्याच्या आईला मी शब्द दिलाय, असं चाची म्हणायच्या. ते छोटं पितळी पातेलं त्या स्वतः घासायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

चाची गेल्याचं त्याला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. गाडीत बसून तो हातकणंगल्यापर्यंत आला होता. तिथून परत फिरला.

उस्ताद दोन्ही हातात एकेक कप घेऊन आले. बशीत थोडा सांडला होता.

"चाचींचं कळलं होतं मला," सन्मती म्हणाला. "यायला पाहिजे होतं."

"वेगळ्या पातेल्यात केलाय," उस्ताद म्हणाले. "घे."

...

दोघांनी चहा संपवला. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. एकेक गेली की शटर थोडा वेळ खडखडायचं.

"अजून गरम आहे गाडी," उस्ताद म्हणाले. "आता लाव मीटर."

सन्मतीनं बॉनेट उघडलं. तारेची दोन्ही टोकं मोकळी करून मीटरच्या सुया लावल्या. आकडा स्थिर होता. उस्तादांनी वाकून तारांचा झुपका नुसता हलवला.

आकडा नाचायला लागला.

हात काढला, थांबला. हलवला, नाचला.

"या टोकाला सेन्सर. त्या टोकाला कॉम्प्युटर. दोन्ही तू बदललेस," उस्ताद म्हणाले. "मधे काय आहे?"

सन्मती खाली बघत होता. बॅटरीच्या ट्रेखाली, चेसिसला चिकटून, काळ्या टेपचं बोटभर लांबीचं एक गाठोडं होतं. टेप जुनी होऊन दगडासारखी झाली होती.

"ते कधी उघडलंस?"

"नाही उघडलं."

"सायलेन्सर उतरवलास. हे नाही उघडलंस."

"नाही."

"का?"

एक ट्रॉली गेली. शटर खडखडून थांबलं.

"ते तुम्ही केलंय," सन्मती म्हणाला.

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. दोन्ही डोळे वेगवेगळ्या अंतरावरून बघतायत असं वाटत होतं.

ते गाठोडं दोघांनाही माहीत होतं.

सोळा वर्षांपूर्वी मामांच्या शेडमध्ये उंदरांनी या गाडीच्या पाच तारा कुरतडल्या होत्या. काम सन्मतीकडे होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, हात बसलेला होता आणि आपला हात बसलाय हे त्याला माहीतही झालं होतं. पहिली तार त्यानं नुसती पिळली, वर टेप गुंडाळली आणि दुसरीला लागला. कथील वितळवून डाग द्यायचा कंटाळा केला. उस्ताद मागून आले. त्यांनी तो जोड दोन बोटांत धरून ओढला, तो सुटला. गॅरेजमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं होती, मामाही होते. सगळ्यांसमोर उस्ताद म्हणाले, "झोपेत काम करायचं असेल तर घरी जाऊन झोप."

तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं कोल्हापूर गाठलं. पाचही जोड मग उस्तादांनीच केले, हे त्याला मामांकडून कळलं.

त्यानंतर आयुष्यात त्यानं एकही जोड डाग दिल्याशिवाय सोडला नाही. दोनशे जणांना ते शिकवलं. पण ज्यांच्यामुळं शिकलो त्यांचं नाव वर्गात एकदाही घेतलं नाही.

उस्तादांनी खिशातून ब्लेड काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"उस्ताद, राहू द्या. मी कोल्हापुरात जाऊन..."

"उघड."

सन्मतीनं टेपला हळूच चीर दिली. टेप सोलून निघाली तशी आत तारा दिसायला लागल्या. पहिला जोड. कथलाचा डाग अजून चकचकीत होता, पाण्याच्या थेंबासारखा गोल, सगळीकडून सारखा. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. सोळा वर्षांत त्यांना काही झालं नव्हतं. असा डाग आपल्याला अजून येत नाही, हे त्याला तेवढ्यातही जाणवलं.

पाचवा जोड नुसता पिळलेला होता.

डाग नव्हता. तांबं हिरवं पडून भुसभुशीत झालं होतं. आणि पिळाचे वळसे उलटे होते. उस्ताद डावखुरे. त्यांनी पिळलेली तार शंभर तारांत ओळखू यायची. गॅरेजमधले सगळे त्यावरून हसायचे आणि उस्तादही हसायचे.

सन्मतीनं ती तार बोटांत धरली. सोळा वर्षं तो उस्तादांचं ते झोपेचं वाक्य जवळ बाळगून होता, आणि आता ते ज्याचं त्याला परत देता येणार होतं. वाक्य ओठांपर्यंत आलंसुद्धा.

त्यानं मान वर केली.

उस्ताद बॉनेटच्या कडेला एक हात टेकून उभे होते. दुसऱ्या हातात टॉर्च होता आणि त्याचा उजेड सगळ्या इंजिनावर थरथरत होता. सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. चाची असत्या तर ते तसं राहिलं नसतं.

सन्मतीनं मान खाली घातली.

"उंदरानं कुरतडलंय," तो म्हणाला. "एक तार. पुन्हा."

"बघू."

"काही नाही, मी जोडतो."

उस्तादांनी टॉर्च ठेवला आणि हात पुढं केला. सन्मतीनं तार त्यांच्या बोटांत दिली. उस्तादांनी डोळे मिटले. अंगठा पिळावरून एकदा खाली गेला, एकदा वर आला. अंगठ्याला हिरवी भुकटी लागली.

"उंदीर डावखुरा होता का?"

सन्मतीनं हातातलं ब्लेड बाजूला ठेवलं.

उस्तादांनी अंगठा सदऱ्याला पुसला. मग जसं कुणी कालची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "चार झाले आणि लाईट गेली."

"भारनियमन."

"हं. बंद कावियानं डाग कसा देणार? पाचवा पिळून ठेवला. म्हटलं, लाईट आली की देऊ."

"आली नाही?"

"आली की. तासाभरात आली." उस्ताद रस्त्याकडे बघत होते. "तेवढ्यात तुझी आई आली. तुझा डबा राहिला होता इथं. तो मागायला आली होती."

...

"मला वाटलं होतं, दोन दिवस रुसशील. आईनं डबा नेला तेव्हा कळलं, तू आता येत नाहीस."

"आणि मग?"

"मग टेप लावली."

सन्मतीनं तोंड फिरवलं. भिंतीवरच्या पान्यांच्या आकृत्या त्याला नीट दिसेनाशा झाल्या. आई तेव्हा डबा घेऊन कोल्हापूरला आली होती. उस्ताद काय म्हणाले, असं त्यानं मुद्दाम विचारलं नव्हतं. आईनंही सांगितलं नव्हतं. आता विचारलं असतं तरी तिला आठवलं नसतं.

उस्ताद मागं जाऊन डाग द्यायचा काविया घेऊन आले. दांड्याचं लाकूड धरून धरून काळं पडलं होतं. त्यांनी तो बोर्डाला लावला आणि तापेपर्यंत तिथंच उभे राहिले. तापल्यावर सन्मतीच्या हातात दिला.

"कर."

सन्मतीनं हिरवं तांबं कापून टाकलं, आतलं लाल तांबं लागेपर्यंत मागं गेला. मधे नव्या तारेचा तुकडा घातला, वर चढवायची नळी आधीच ओवून ठेवली. उस्ताद टॉर्च धरून होते. उजेड हलायचा, जोडावरून सरकायचा. सन्मती थांबायचा. उजेड परत जोडावर आला की पुढं जायचा. एरवी दोन मिनिटांचं काम. त्याला पाव तास लागला, आणि टॉर्च मी धरतो असं तो एकदाही म्हणाला नाही.

कथील वितळलं, तारेत शिरलं, थंड झालं.

"बघा एकदा," तो म्हणाला.

"तू केलंयस ना?"

"म्हणून तर बघा."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वाकले. जोड दोन बोटांत धरला आणि ओढला. नुसता ओढल्यासारखा नाही, सगळ्या अंगानं, पूर्वीसारखा. जोड हलला नाही. दुसऱ्या टोकाचाही ओढून पाहिला.

"नळी चढव. टेप नंतर," ते म्हणाले. "आधी फिरवून आणू."

"पुसू?"

"आता पूस."

बाराव्यांदा त्यानं दिवा पुसला.

उस्ताद डाव्या बाजूला बसले. शिरोळ, मग जयसिंगपूर, मग तसेच पुढं. रस्ता दुपदरी होऊन किती वर्षं झाली होती, पण उस्ताद जुन्या वळणांच्या जागी अजूनही दाराची कडी धरत होते. पूर्वी दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी ते याच रस्त्यावर काढायचे. सन्मतीला चालवायला लावायचे, स्वतः डोळे मिटून बसायचे आणि मधेच म्हणायचे, तिसऱ्याचा प्लग बघ. आजही त्यांनी डोळे मिटले होते. सन्मती वाट बघत होता, पण ते काही म्हणाले नाहीत. जयसिंगपूरच्या पुढं त्यांना थोडी झोप लागली.

सन्मतीनं गाडी कडेला घेतली आणि मोडवाल्याला फोन केला. आवाज खाली ठेवून म्हणाला, परवा येऊ नका. नाही, दुसऱ्या कुणाला दिली नाही. द्यायचीच नाही.

हातकणंगल्याला त्यानं गाडी वळवली. याच वळणावरून तो एकदा परत फिरला होता, उलट्या दिशेनं. जाऊन येऊन साठ किलोमीटर झाले. गाडी चांगली तापली होती. दिवा लागला नाही.

गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा उस्तादांना जाग आली. त्यांनी आधी डॅशबोर्डकडे पाहिलं.

"नाही लागला," सन्मती म्हणाला.

"हं."

"पुढच्या रविवारी येतो. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊ. दुसरा डोळाही करून टाकू."

"टेप राहिलीय," उस्ताद म्हणाले.

सन्मतीनं बॉनेट उघडलं. डिकीतून नवी टेप आणली. पाचही तारा सारख्या करून तो गुंडाळायला लागला. एकावर अर्धा वेढा, पुन्हा अर्धा, ताणून, घट्ट. वर्गात दाखवायचा तसं. शेवटी टेप कापली आणि टोक अंगठ्यानं दाबून असं बसवलं की, ती कुठं संपते ते कळू नये. काम देखणं झालं होतं. तो बाजूला झाला.

उस्तादांनी खाली वाकून पाहिलं. बोट फिरवलं. मग नखानं चाचपत ते टोक शोधून काढलं आणि थोडं उचललं.

"हे दुमडून ठेव," ते म्हणाले. "पुढच्याला उघडायचं झालं तर सापडायला पाहिजे."